दुसऱ्या जन्माची रात्र

शनिवार, २४ एप्रिल ३८७. मिलान. दिवस मावळला आहे आणि कालपासून तुमच्या पोटात अन्नाचा कण गेलेला नाही. तटबंदीच्या आत, नव्या बॅसिलिकेला लागून असलेल्या बाप्तिस्मागृहाच्या दाराशी तुम्ही उभे आहात आणि तुमचे ओठ सारखे हलताहेत. मागच्या रविवारी बिशपांनी तोंडी सांगितलेला श्रद्धासार तुम्ही घोकताय. लिहून घ्यायला सक्त मनाई होती. लिहून ठेवलं की माणूस निर्धास्त होतो, रोज मनात घोळवत नाही, असं बिशपांचं म्हणणं. त्यामुळे एखादं वाक्य निसटलं तर बघायला हाताशी काहीच नाही.

तुमच्या पुढे तिघं जण एकमेकांना धरून उभे आहेत. मधला बत्तीस वर्षांचा. परवापरवापर्यंत याच शहरात वक्तृत्वाचा सरकारी प्राध्यापक होता. ती जागा मिळवायला त्यानं बड्या लोकांचे वशिले लावले होते, आणि गेल्या शरदात छातीचं दुखणं पुढे करून ती सोडूनही दिली. तो आफ्रिकेतल्या थागास्ते गावचा. लॅटिनवर एवढी हुकूमत, पण इटलीची माणसं त्याचे उच्चार अजून काढतात. नाव ऑगस्टीन. शेजारी त्याचा पंधराएक वर्षांचा मुलगा अदेओदातुस. या पोराच्या बुद्धीची बापालाच धास्ती वाटते. तिसरा मित्र अलीपियस. देहाला वळण लावायचं म्हणून हा माणूस इटलीच्या गोठलेल्या जमिनीवरून अनवाणी चालला आहे.

तुम्ही सोळाशेहून जास्त वर्षं पुढून इथे आला आहात, तेव्हा बागेची गोष्ट तुमच्या कानावर असेल. गेल्या ऑगस्टमध्ये याच शहरातल्या एका बागेत ऑगस्टीन रडत पडला होता. कुठूनसा लहान मुलाचा आवाज आला, त्यानं पौलाची पत्रं उघडली, समोर आलेला उतारा वाचला आणि त्याच्या मनाची वर्षानुवर्षांची ओढाताण संपली. चित्रकारांनी तीच बाग रंगवली, चरित्रकारांनी तिथेच मुक्काम ठोकला. मला मात्र ही एप्रिलची रात्र त्या बागेहून मोठी वाटते. बागेत त्यानं ठरवलं. आज त्याला जन्म मिळणार आहे, आणि जन्म काही कुणाला स्वतःचा स्वतःला देता येत नाही.

मोठ्या माणसाला पुन्हा जन्म मिळतो तरी कसा, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो निकदेमानं. येरुशलेमच्या न्यायसभेचा हा वयस्क सभासद एका रात्री गुपचूप येशूकडे गेला. पुन्हा जन्म झाल्याशिवाय देवाचं राज्य दिसायचं नाही, असं येशूनं त्याला सांगितलं. म्हाताऱ्या माणसानं पुन्हा आईच्या पोटात शिरायचं की काय, असं निकदेमानं विचारलं. या प्रश्नाला बरेच जण हसतात. मी हसत नाही, कारण तोच खरा प्रश्न आहे. पाण्यानं आणि आत्म्यानं जन्मावं लागतं, असं येशू म्हणाला, पण कृती सांगितली नाही. वारा हवा तिकडे वाहतो, त्याचा आवाज येतो पण तो येतो कुठून आणि जातो कुठे ते कळत नाही, एवढंच सांगितलं. पुढे पौलानं रोमच्या मंडळीला लिहिताना त्यात एक कठोर भर घातली: आधी मरावं लागतं. बाप्तिस्म्यात माणूस ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि ख्रिस्ताबरोबरच उठतो.

चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्याशी याचं नातं जोडू नका. इथे कर्माचा हिशेब घेऊन दुसऱ्या देहात जायचं नाही. हाच देह, हेच नाव, अंगावर हेच व्रण, आणि याच आयुष्याच्या मध्यावर जुना माणूस संपतो आणि नवा सुरू होतो. तेही फक्त एकदा.

हे ‘एकदा’ फार जड आहे. म्हणून लोक टाळतात. सम्राट कॉन्स्टन्टाइननं ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला. हा ऑगस्टीन लहानपणी पोटाच्या दुखण्यानं मरायला टेकला तेव्हा त्याच्या आईनं, मोनिकेनं, बाप्तिस्म्याची तयारी चालवली होती; पोरगं सावरलं आणि बेत पुढे ढकलला गेला, कारण धुतल्यानंतर लागलेला डाग जास्त वाईट, अशी समजूत. आता जे बिशप तुमच्यासमोर येणार आहेत त्यांचीही तीच कथा. आंब्रोज या प्रांताचे राज्यपाल होते. ३७४ मध्ये बिशपाच्या निवडीवरून दंगल होऊ नये म्हणून ते बॅसिलिकेत गेले, आणि जमावानं त्यांनाच बिशप करून टाकलं. तेव्हा त्यांचा बाप्तिस्मासुद्धा झाला नव्हता! आठवड्याभरात बाप्तिस्मा, आणि लगेच दीक्षा. पस्तिशीच्या आसपास नव्यानं जन्मलेला हा माणूस आज इतरांना जन्माला घालतो.

दार उघडण्याआधी ते तुमच्यापाशी येतात. तुमच्या कानांना हात लावतात, मग नाकपुड्यांना. येशूनं बहिऱ्या-मुक्या माणसाच्या जिभेला स्पर्श करून त्याला मोकळं केलं, त्याची ही आठवण. मग इथे तोंडाऐवजी नाक का? कारण उमेदवारांत बायकाही आहेत, आणि बिशपानं त्यांच्या ओठांना हात लावणं बरं दिसणार नाही. एवढ्या मोठ्या विधीतली ही एवढीशी काळजी मला फार बोलकी वाटते. शास्त्र सांभाळलं, पण समोरच्या बाईचा संकोच त्याहून आधी सांभाळला.

आत गेल्यावर तेल. एक धर्मगुरू आणि एक सेवक तुमच्या अंगाला तेल लावतात, कुस्तीला उतरणाऱ्याला लावतात तसं. तुम्ही ख्रिस्ताचे मल्ल आहात, असं आंब्रोज सांगतात. मग विचारणा होते: सैतान आणि त्याची कामं यांचा त्याग करतोस का? या जगाचे चोचले सोडतोस का? तुम्ही होकार देता. हा शब्द पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात नोंदला जातो, असं बजावलं जातं. त्यानंतर तुम्हाला पूर्वेकडे वळवतात. नुसतं वळायचं असतं, पण उपाशी पोटी, तेलकट अंगानं, दिव्यांच्या उजेडात ते वळताना पाय जमिनीवर नीट ठरत नाहीत.

समोर कुंड आहे. इमारत अष्टकोनी, कुंडही अष्टकोनी. शब्बाथ सातवा, त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठव्या दिवशी, येशू कबरीतून उठला. म्हणून हे आठ कोन. (गेल्या शतकात मिलानमध्ये मेट्रोची खोदाई चालली होती त्या सुमारास हे कुंड पुन्हा उजेडात आलं. मोठ्या कॅथेड्रलसमोरच्या चौकाखाली उतरून ते आजही पाहता येतं. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा इथेच झाला, असं परंपरा सांगते.) पाण्यावर प्रार्थना होते, क्रुसाची खूण होते. कुंडाचा आकार कबरीसारखा दिसतो, हे आंब्रोज मुद्दाम लक्षात आणून देतात. ते ऐकल्यावर उतरणाऱ्याच्या पोटात गोळा येणार हे त्यांना कळत नसेल असं नाही.

अंगावरचं सगळं उतरवावं लागतं. अंगठी नको, ताईत नको. आईच्या पोटातून जसे आलात तसे. गार पाणी पोटऱ्यांपर्यंत, मांड्यांपर्यंत, कमरेपर्यंत चढतं. प्रश्न येतो: सर्वसमर्थ पिता देव, त्याच्यावर विश्वास आहे का? “आहे.” डोक्यावरचा हात दाबतो आणि तुम्ही पाण्याखाली जाता. कानात फक्त स्वतःच्या रक्ताचा आवाज. वर येता, श्वास घेता न घेता तोच दुसरा प्रश्न: प्रभू येशू ख्रिस्तावर, आणि त्याच्या क्रुसावर? आंब्रोज इथे क्रुसाचं नाव मुद्दाम घेतात, कारण तुमचं पुरणं त्या क्रुसाबरोबर आहे. “आहे.” पुन्हा खाली. या खेपेला नाकात पाणी जातं, छाती धडधडते, आणि हात जरा जास्तच वेळ दाबून धरला आहे असं वाटतं. तिसरा प्रश्न पवित्र आत्म्याचा. “आहे” म्हणताना आवाज निघत नाही, नुसते ओठ हलतात. तिसऱ्यांदा खाली.

तिसऱ्यांदा वर येता तेव्हा कुणीतरी काखेत हात घालून तुम्हाला उचलतं.

आंब्रोज गेल्यावर त्यांचा सचिव पॉलिनस त्यांचं चरित्र लिहील. बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या बाबतीत आंब्रोज एकटे जे काम उरकत, ते त्यांच्या मागे पाच बिशपांना मिळूनही जेमतेम झेपलं, असं त्यात तो सांगेल. स्तुतीत थोडी अतिशयोक्ती धरली तरी चित्र खरं आहे. ही मेहनतीची रात्र आहे. माणसामागून माणूस, खाली दाबायचा, वर काढायचा, बाह्या खांद्यापर्यंत भिजलेल्या. हे सुईणीचं काम आहे.

तुमच्या डोक्यावर सुगंधी तेल ओतलं जातं. आणि मग जे होतं त्याची तयारी तुमच्या मनानं अजिबात केलेली नसते. बिशप कमरेला वस्त्र बांधून खाली बसतात आणि तुमचे पाय धुतात. रोममध्ये ही रीत नाही. तिकडच्या लोकांनी यावर बोट ठेवलेलं आंब्रोजना माहीत आहे. सगळ्या बाबतींत रोमच्या मागे जायची आमची इच्छा आहे, पण अक्कल आम्हालाही आहे, अशा अर्थाचं उत्तर ते देतात. ते सुरुवात करतात आणि बाकीचे धर्मगुरू काम पुढे नेतात.

रांगेत दरबारातली माणसं आहेत. मिलान ही सध्या पश्चिमेच्या सम्राटाची, किशोरवयीन व्हॅलेंटिनियनची राजधानी. रांगेत विकत घेतलेले गुलामही आहेत. एकेकाळचा राज्यपाल गुडघ्यावर बसून अशा लोकांच्या टाचा चोळतो. आपल्याकडे दुसरा जन्म ही कल्पना अनोळखी नाही. मुंजीनं मुलगा द्विज होतो. पण तो दुसरा जन्म कुणाला मिळणार हे पहिल्या जन्मानंच ठरवून टाकलेलं असे, आणि मुलीच्या वाट्याला तो नव्हता. इथे गुलामासाठी वेगळं कुंड नाही, बाईसाठी वेगळा श्रद्धासार नाही. मात्र हेही सांगायला हवं: उद्या सकाळी तो गुलाम गुलामच असेल. पाण्यातून एकत्र वर आलेल्या मालकाला आणि गुलामाला पुन्हा मालक-गुलाम म्हणून घरी पाठवताना चर्चला अवघडल्यासारखं झालं नाही, याचं दुःख मला वाटतं, कारण या शिकवणीत त्याहून जास्त ताकद होती.

पांढरी वस्त्रं अंगावर येतात. आत्म्याच्या सात दानांसाठी प्रार्थना होते, तुमच्यावर मुद्रा उमटते. मग पहाटेच्या आधी, मिरवणुकीनं, बॅसिलिकेत.

इथे थोडं थांबा, कारण हे आजच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. तुम्ही आजवर असंख्य वेळा या इमारतीत आलात, प्रवचनं ऐकलीत; पण दर वेळी प्रवचनानंतर तुम्हाला बाहेर काढलं गेलं आणि दार लागलं. वेदीवर काय होतं ते तुम्ही कधी पाहिलेलं नाही. मोनिका वर्षानुवर्षं आत असायची आणि तिचा एवढा विद्वान मुलगा बाहेर. आज तुम्ही वेदीसमोर उभे आहात. गर्दीतली प्रत्येक नजर तुमच्याकडे आहे आणि लोक गाताहेत. हे गाणंही या शहरात नवंच आहे. मागच्या वर्षी राजमाता जस्टिनेनं आपल्या आरियन पंथासाठी एक बॅसिलिका मागितली, सैनिकांनी वेढा घातला, आणि आंब्रोजबरोबर आत अडकून राहिलेल्या लोकांनी धीर सुटू नये म्हणून रात्रभर गाणी म्हटली. मोनिका त्या गर्दीत होती. त्या गाण्यांनी आज ऑगस्टीनच्या डोळ्यांना धार लागली आहे. वाक्यांच्या लडी उलगडणारा हा माणूस एक शब्द बोलत नाही. भाकर तुमच्या हातात येते. ख्रिस्ताचं शरीर, असं सांगितलं जातं. “आमेन,” तुम्ही म्हणता.

आता पुढच्या काळातून आलेला माणूस म्हणून तुम्ही विचाराल: नेमका जन्म कधी झाला? बागेत की कुंडात? हा प्रश्न या शिकवणीचा पिच्छा कधीच सोडत नाही. आपल्या पंडिता रमाबाईंचंच पाहा. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वॉन्टेज इथे झाला. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना कळून चुकलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. अंतःकरणाचा नवा जन्म त्यांच्या बाबतीत पाण्यानंतर आठ वर्षांनी आला, आणि १९०७ मध्ये त्यांनी ते उघडपणे लिहिलं. ऑगस्टीनचं मन आधी वळलं, पाणी मागून आलं. रमाबाईंना पाणी आधी लाभलं. जॉन वेस्ली तर दीक्षित धर्मगुरू असताना, २४ मे १७३८ रोजी, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत पहिल्यांदा आतून उबदार झाला. एका पंथाचे लोक म्हणतात पाण्यातच जन्म होतो, दुसऱ्या पंथाचे म्हणतात पाणी ही नुसती खूण. मी कुंडाच्या काठावर पाय धुऊन घेतल्यावर या वादात एका बाजूला उभा राहू शकत नाही. रमाबाईंना जे आठ वर्षांनी सापडलं ते त्या पाण्याशिवायचं होतं असं मला वाटत नाही, आणि त्या आठ वर्षांची त्यांची तहान खोटी होती असं म्हणायची तर माझी हिंमतच नाही.

आणखी एक गोष्ट आहे. बत्तिसाव्या वर्षी जन्मलेला हाच ऑगस्टीन पुढे हिप्पोचा बिशप होईल आणि मूळ पापाची मांडणी इतक्या जोरकसपणे करेल की तान्ह्या बाळांना लगेच बाप्तिस्मा देण्याला पश्चिमेत तेच मुख्य कारण ठरेल. लहान मुलांचे बाप्तिस्मे आधीही होत, पण नंतर तीच रीत झाली. आज वसईच्या चर्चमध्ये ईस्टरच्या जागरणाला लोक हातात मेणबत्त्या धरून बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हणतात, तेव्हा बहुतेकांच्या वतीनं ती पहिल्यांदा दुसऱ्या कुणी दिलेली असतात. तुमची ही रात्र, मोठ्या माणसानं उघड्या अंगानं मरायला उतरण्याची रात्र, ऑगस्टीनच्याच लेखणीमुळे विरळ होत जाईल.

आठवडाभर तुम्ही पांढऱ्या कपड्यांत आहात. लोक तुम्हाला तान्ही बाळं म्हणतात, मग वय काही असो. रोज आंब्रोज तुम्हाला समोर बसवून सांगतात की त्या रात्री नेमकं काय घडलं. आधी का सांगितलं नाही? कारण न सांगता आलेला उजेड जास्त आत शिरतो, असा त्यांचा अनुभव. आणि ते तुमच्या मनातलं बोलून दाखवतात: पाणी पाहिलंस, धर्मगुरू पाहिलास, आणि वाटलं असेल, एवढंच? हो, एवढंच, असं ते म्हणतात, आणि मग नोहाचा पूर, तांबडा समुद्र, कुष्ठरोगी नामान अशा एकेका पाण्याची गोष्ट घेत त्या साध्या पाण्यात काय काय होतं ते उलगडत नेतात. निराशेची शक्यता आधीच मान्य करणारा असा गुरू क्वचित भेटतो.

पुढच्या रविवारनंतर पांढरे कपडे उतरतात. दरबारी माणूस दरबारात परततो. ऑगस्टीनसमोर मात्र परतायला नोकरी नाही. दहाएक वर्षांनी तो आपली कबुली लिहायला घेईल, आणि या रात्रीवर जेमतेम एक वाक्य खर्च करेल: बाप्तिस्मा झाला आणि गेलेल्या आयुष्याची चिंता पळून गेली. त्याच पुस्तकाच्या दहाव्या भागात, बिशप असताना, तो लिहील की जुन्या सवयी स्वप्नांत अजून येतात, चांगलंचुंगलं खाण्याचा मोह होतो, कुणी वाहवा केली की बरं वाटतं. जन्म खोटा होता असं तो एकदाही म्हणत नाही. आपण नव्यानं जन्मलो आणि तरीही आपल्यात हे सगळं आहे, या दोन्ही गोष्टी तो एकाच पुस्तकात, कुठलीही लपवाछपवी न करता ठेवतो. त्याच्या लिखाणातलं मला सर्वांत विश्वासार्ह वाटतं ते हेच.

सध्या त्यांच्या घरी पुढचं ठरवणं चाललं आहे. त्यांच्याच गावचा एव्होदियस त्यांच्यात येऊन मिळाला आहे. तोही सरकारी चाकरी सोडून, त्यांच्या आधी बाप्तिस्मा घेतलेला. सगळ्यांनी एकत्र राहायचं, वेगळं काही कमवायचं नाही, देवाची सेवा करायची, एवढं नक्की झालं आहे. कुठे, हा प्रश्न होता. थागास्तेलाच परत जावं, असं ठरतंय. ओस्तियाच्या बंदरापर्यंत खुष्कीचा लांबचा प्रवास आहे, आणि मोनिका पंचावन्न-छप्पन्न वर्षांची आहे. तरी निघायची घाई सर्वांत जास्त तिलाच दिसते.